चिंचोक्यांची हजेरी

संदीपदादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी होते. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. तो एरवी मला मेसेज करतो, फोन करत नाही, कारण मी फोनवर कशी अडखळते ते त्याला माहीत आहे. म्हणून त्याचं नाव दिसलं तेव्हाच मी जिन्याचा कठडा धरला. "आई गेली गं. पहाटे," तो म्हणाला. त्याच्या मागे कुणीतरी लोखंडी खुर्च्या ओढत होतं... "रुतू, आहेस ना?" त्याने विचारलं. मला 'हो' म्हणायचं होतं. ते घशापर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं, माझ्या चौथ्या वर्षापासून बसत आलंय तसं. शेवटी हातातल्या किल्लीने मी स्टीलच्या पाण्याच्या बाटलीवर एकदा वाजवलं. टण्. दादाला त्याचा अर्थ कळणं शक्य नव्हतं. जिला कळला असता तीच गेली होती.

मथुरा आत्या ही पप्पांची थोरली बहीण. देवळाली प्रवरात तिने तीसहून जास्त वर्षं अंगणवाडी चालवली. सरकारी कागदावर ती 'सेविका' होती, पण गावाने तिला कायम 'बालवाडीच्या बाई' म्हटलं, आणि ज्यांना तिने शेंबूड पुसून मोठं केलं तीच माणसं पुढे आपापली पोरं तिच्याकडे घेऊन आली. खाऊ शिजवणं, वजन करणं, रजिस्टरं भरणं ही तिची नोकरी. तिचं खरं काम मला वाटतं बघण्याचं होतं. दवाखान्यात जायच्या आधी बायका तिच्याकडे यायच्या. बाई, ह्यो मान धरंना. बाई, ही अजून आईकडं बघून हसत न्हाई. आत्या बाळाला मांडीवर घ्यायची, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आधी त्याच्या एका कानाशी वाजवायची, मग दुसऱ्या, आणि तोंडाने काही न बोलता बाळाचे डोळे कुठे जातात ते बघत बसायची. कधी म्हणायची, "काय न्हाई, सावकाश हाय, तुज्यावर गेलंय." कधी म्हणायची, "उद्या सकाळच्या गाडीनं नगरला ने. उद्याच." हे दुसरं वाक्य ती कुजबुजल्यासारखं बोलायची, पण ते कुणी कधी मोडलं नाही. घरी राबणारा नवरा, चार एकर ऊस, आणि बाहेर ही ओळीने बसलेली लेकरं... तिला घाईत असलेलं मी कधी पाहिलं नाही.

तिच्या अंगणवाडीत हजेरीची एक वेगळीच रीत होती. तिचं म्हणणं असं की तीन वर्षांच्या पोराला चारचौघांत स्वतःचं नाव ऐकून 'हजर' म्हणायला लावणं म्हणजे त्याला विहिरीच्या काठावर उभं करणं. म्हणून दाराशी एका टोपलीत चिंचोके ठेवलेले असायचे आणि शेजारी दुधाच्या पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा. आलेल्या पोराने टोपलीतला एक चिंचोका उचलायचा आणि डब्यात टाकायचा. टण् वाजलं की पोर आलं. आत्या आत स्टोव्हपाशी पाठमोरी असली तरी तिला कळायचं, आणि आवाजावरून कोण आलं तेही बहुतेक कळायचं. नावं ती नंतर, सगळी बसली की, रजिस्टरात गुपचूप लिहायची. तपासणीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे काय नवीन? आत्या म्हणाली, "काय न्हाई मॅडम, हाताला वळन."

मी त्या अंगणवाडीची पटावरची विद्यार्थिनी नव्हते. आमचं घर त्याच गावात, पण मला घरच्यांनी तालुक्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत घातलं होतं. पिवळी बस, पट्ट्यापट्ट्यांचा टाय, पाण्याच्या बाटलीवर ससा. तिथे मी बोलायची बंद झाले. घरी बोलायचे, बसमध्ये चढले की नाही. लघवीला जायचं हेसुद्धा इंग्रजीत विचारायचं होतं. ते वाक्य मला पाठ होतं, आणि तरी रोज माझा स्कर्ट ओला व्हायचा. दिवाळीच्या आधी शाळेने मम्मीला बोलावून सांगितलं की मुलीला कुठेतरी दाखवा. मम्मी घरी येऊन देवघरापुढे बसून रडली ते मला आठवतं, कारण मी दाराआड उभी राहून बघत होते. मला तेव्हा वाटलं होतं की माझ्यात काहीतरी मोडलंय आणि ते सगळ्यांना दिसतंय. संध्याकाळी आत्या आली, चहा प्याली, मला एकही प्रश्न विचारला नाही. जाताना पप्पांना म्हणाली, "जूनपतूर माज्याकडं ऱ्हाऊ दे. आन हिला कुनी 'बोल' म्हनायचं न्हाई. पावन्यारावळ्यानीबी न्हाई."

तिथे मी रोज चिंचोका टाकायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. तिने मला गाणी म्हणायला लावलं नाही, रंग ओळखायला लावलं नाही. डाळ निवडायला दिली. वजनकाट्याची झोळी धरायला दिली. दिवस गेले, आठवडे गेले. एका सकाळी माझ्या पुढच्या पोराने टोपलीत हात घातला आणि डब्यात दोनदा टण् टण् केलं. मला ते सहन झालं नाही. मी आत गेले, आत्याचा पदर ओढला आणि म्हणाले, "त्याने दोन टाकले." घराबाहेर कित्येक महिन्यांत काढलेला माझा पहिला शब्द हा असा चुगलीचा होता. आत्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खिचडी ढवळत म्हणाली, "टाकू दे. उद्या यायचा नसंल म्हनून आजच टाकला आसंल." बस, एवढंच. तिने टाळ्या वाजवल्या असत्या तर मी परत तोंड उघडलं नसतं याची मला आजही खात्री आहे. खूप वर्षांनी तिने सांगितलं की मी बाहेर गेल्यावर खिचडी करपली तरी तिला कळलं नव्हतं.

जूनमध्ये मी परत पिवळ्या बसमध्ये चढले. बोलू लागले, पण जेवढ्यास तेवढं. शाळा ते 'शाय', म्हणजे लाजरी, या शब्दात बसवून मोकळी झाली. आठवीत गॅदरिंगला माझं भाषण होतं. पाठ होतं, उच्चार स्वच्छ होते. स्टेजवर गेले, समोर अंधारात माणसांची डोकी दिसली, आणि पहिल्या ओळीनंतर माझं तोंड उघडं राहिलं ते तसंच. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही, सायकल घेऊन आत्याच्या मळ्यात गेले. ती बांधावर बसून उसाचं वाळलेलं पाचट गोळा करत होती. तिने माझा चेहरा बघितला. एक ऊस मोडला, शेंड्याचं हिरवं वाढं छाटलं आणि मला हातात धरायला दिला. मग बोटाने दाखवलं. बुडाकडून चार-पाच पेरं चांगली वीतभर, मग एकदम दोन बोटांएवढं आखूड कांडं, मग परत लांब. "ह्या टायमाला पाटाला पानी न्हवतं," ती म्हणाली. "दीड महिना ताण बसला. तवाचं हे."

"मग पाणी आल्यावर हे लांब नाही झालं?"

"न्हाई."

"कधीच नाही होणार?"

"न्हाई गं. झालं ते झालं. पन त्याच्या वरचं बग की."

ती खोटं बोलली नाही याचा मला तेव्हा राग आला होता. मी त्या दिवशी फक्त 'न्हाई' घेऊन घरी आले. वरची लांब पेरं बघायला मला फार वर्षं लागली, आणि खरं सांगायचं तर अजूनही माझा डोळा आधी आखूड कांड्याकडेच जातो.

अकरावीला पुण्यात हॉस्टेलवर आले तेव्हा पहिले काही महिने छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. घरी सांगितलं असतं तर पप्पा लगेच न्यायला आले असते. म्हणून मी आत्याला फोन लावायचे आणि गप्प बसायचे. ती 'हॅलो, हॅलो' करायची, मग तिला उमजायचं. ती तिचंच बोलत राहायची. आज कोंबडीने अंडी कुठे घातली, कुणाच्या सुनेला कितवा लागलाय, नव्या सुपरवायझर बाईंचा नाकातला आवाज. मध्येच थांबून विचारायची, "हायेस ना?" मी वाटीवर चमच्याने एकदा वाजवायचे. टण्. "हां, मग आईक," म्हणून ती पुढे सुरू. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. फोन ठेवताना मी जेवलेली असायचे.

पुढे मी मानसशास्त्र घेतलं आणि आता लहान मुलांच्या एका मार्गदर्शन केंद्रात काम करते. मुलांना खेळताना पाहायचं, टिपायचं, अहवाल लिहायचा. पालकांशी बोलायचं काम आमच्या मॅडम करतात. मी निरीक्षणाच्या काचेच्या अलीकडे असते. शिकत असताना एकदा सुट्टीत मी आत्याला पुस्तकातला एक तक्ता वाचून दाखवला. माणसाच्या वाढीचे टप्पे त्यात होते. जन्मल्यापासून पहिलं वर्ष, मग दुसरं-तिसरं, शाळेचं वय, वयात येणं, असं करत शेवटी म्हातारपण. आत्या चष्मा लावून पानावर वाकली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"लेकराला एवढी जागा, आन म्हाताऱ्याला एकच वळ व्हय?"

मी म्हणाले की लहानपणी बदल भराभर होतात, म्हणून.

"आन म्हातारपनी काय सावकाश व्हत्यात का?" तिने चष्मा काढला. ती तेव्हा पासष्टीला टेकली होती. सेवा संपल्यावर नव्या बाईंनी तिला तो डबा आणि टोपली आपणहून देऊन टाकली होती. ती घरी बसली, पण रोज नऊ वाजता नेसून, पदराला पिन लावून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. अर्चनावहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, एकदा विचारलं, आई, कुठं निघालात? आत्या म्हणाली, "कुटं न्हाई." मामा, म्हणजे तिचे यजमान, त्याआधीच गेले होते. त्या दिवशी तक्त्यावरून बोट फिरवत ती मला म्हणाली की सकाळी डोळे उघडले की तिला भीती वाटते. कसली, तर माहीत नाही. "लेकरू भ्यालं की आपन म्हनतो, वय हाय. म्हातारी भ्याली तर काय म्हनायचं रुतू?" माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं. मी ते दिलंसुद्धा. ती कौतुकाने ऐकून घेत होती, आणि तिला हवं होतं ते मी दिलं नाही हे मला वाक्य संपायच्या आतच कळलं होतं. उठताना मी तिच्या फळीवरच्या डब्यात एक चिंचोका टाकला. तेवढ्यावर ती हसली. तेव्हापासून तिच्या घरी गेले की मी दारातून आत आल्याबरोबर आधी चिंचोका टाकायचे, मग पाया पडायचे.

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

गेल्या संक्रांतीला मी घरी होते. आत्याच्या शेजारच्या घरात वर्षाच्या नातवाचं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं, भोवती वीसेक बायका आणि दुप्पट पोरं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या एका परातीत कालवलेल्या. आमच्या गल्लीत पहिलं माप नेहमी आत्या घालायची, कारण ही सगळी बाळं तिने 'बघितलेली' असायची. ती इतकं अलगद ओतायची की एकही बोर बाळाच्या कपाळाला लागायचं नाही. त्या दिवशी तिने उजव्या हातात माप भरून घेतलं, हात उचलला, आणि तो बाळापर्यंत पोचलाच नाही. मधेच कलला. सगळं तिच्याच मांडीत सांडलं. बायका खो-खो हसल्या. "बाई, सोताचंच बोरन्हाण केलं की!" कुणीतरी म्हणालं. आत्याही हसली, आणि ते हसू तिच्या तोंडाच्या एकाच बाजूला वर गेलं. दुसरी बाजू जागच्या जागी राहिली. तिने मांडीवरचं एक बोर उचलायला घेतलं, ते बोटांतून निसटलं. परत उचललं, परत निसटलं. मग ती आपल्याच हाताकडे बघत राहिली, अगदी जशी ती मांडीवरच्या बाळाकडे बघायची तशी. आणि मग तिने मान वर केली. मी समोरच्या भिंतीला टेकून उभी होते. आमची नजरानजर झाली.

मी पाहिलं होतं. मला वाटतं, मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

मी तोंड उघडलं. वीस बायका होत्या. मागच्या वेळी मी एका बाळाबद्दल काही बोलले तेव्हा एकजण म्हणाली होती, "आल्या बघा डॉक्टरीणबाई." ते आठवलं. पोरं बोरांवर तुटून पडली, ढकलाढकली, कालवा... दहा-पंधरा मिनिटांत आत्याने त्याच हाताने चहाचा कप धरला, नीट प्यायली, कुणाची तरी थट्टाही केली. मी तोंड मिटलं ते मिटलंच. घरी येऊन फोनवर वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की असं होऊन आपोआप बरं झालं तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. मी दादाला मेसेज लिहिला, 'दादा, आत्याचा हात', आणि खोडला. काही नसलं तर? सणाच्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असं झालं तर? सकाळी जाऊन बघू, असं ठरवून मी फोन पालथा ठेवला. तिळगूळ खाल्ला.

सकाळी सहाला दादा दारात होता. आत्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. शेजाऱ्याची गाडी काढून आम्ही नगरला निघालो. कारखान्यांचा हंगाम, पुढे उसाच्या ट्रॉल्या एकीमागे एक, रस्ता अडवून चाललेल्या. दादा हॉर्नवरून हात काढत नव्हता. आत्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ट्रॉलीतून लोंबणारा ऊस काचेला घासत होता आणि मी मनात एकच हिशेब करत होते : काल संध्याकाळी निघालो असतो तर रस्ता मोकळा मिळाला असता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का? काल-परवा? हात, तोंड वाकडं?" दादा म्हणाला, "नाही डॉक्टर, काल तर कार्यक्रमाला होती, मस्त होती." मी दोन हातांच्या अंतरावर भिंतीशी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. आदल्या दिवशीच्या गप्प बसण्याला मी घाबरटपणा म्हणू शकते. या दुसऱ्या गप्प बसण्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

आत्या आठ महिने जगली. चालती झाली नाही. वाचेतून एकच शब्द परत आला : 'बरं'. औषध घ्या – बरं. भूक लागली का – बरं. पाहुणे आले, बरं. कुणी तिच्या गळ्यात पडून रडलं, बरं. जन्मभर ती पोरांचा पहिला शब्द ऐकायला कान देऊन बसली, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला शेवटी हा एवढाच उरला. मी दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून यायचे. डबा फळीवरून काढून तिच्या कॉटजवळच्या खिडकीत ठेवला होता. मी चिंचोका टाकायचे, ती डोळे मिटल्या-मिटल्या म्हणायची, "बरं." लोक तिला म्हणायचे, "बाई, बोला ना, माझं नाव घ्या बरं." मला त्यांना सांगायचं होतं की तिला कुणी 'बोल' म्हणायचं नाही. तेही मी सांगितलं नाही.

आषाढातल्या एका दुपारी घरात कुणी नव्हतं. दादा शेतात, वहिनी दळण आणायला. मी तिच्या पायाशी बसले होते. तिच्याकडे बघून जमलं नसतं म्हणून डब्याकडे बघत म्हणाले, "आत्या, संक्रांतीला तुझा हात कलला ते मी पाहिलं होतं. तोंड पण. मला कळलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही."

ती म्हणाली, "बरं."

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. ती त्यालाही म्हणाली, "बरं."

त्यानंतरचे महिने मी त्या पहिल्या 'बरं'चा आवाज डोक्यात पुन्हा पुन्हा ऐकण्यात घालवले. तो लांब होता की आखूड? खाली उतरला होता की वर गेला होता? तो माझ्यासाठी होता, की भंगारवाल्यासाठी होता तसाच होता? मुलांचं बोलणं-वागणं टिपणं हा माझा पेशा आहे, आणि मला तो एक शब्द लावता येईना. ती बरी होईल, निदान दुसरा एखादा शब्द येईल, मग विचारू, अशी मी वाट बघत होते. तिने माझी बघितली होती तशी. मग जिन्यात तो फोन आला.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर अंगणात आवराआवर चालली होती. वहिनी खिडकीतला डबा पदराने पुसत माझ्याकडे आली. म्हणाली, "ऋतुजाताई, हा तुम्ही न्या. आईंनी कुणाला हलवू दिला नाही. श्रावणात साफसफाई काढली तेव्हा म्हटलं, आई, माळ्यावर टाकू का? तर गप. परत विचारलं, तर मान हलवली आणि डाव्या हाताने गच्च धरून ठेवला."

मी विचारलं, गप म्हणजे? 'बरं' नाही म्हणाली?

"छे. नको असलं की त्या 'बरं' म्हणायच्याच नाहीत ना. गप बसायच्या. कडू गोळी दिली की तोंड मिटून गप. ती पलीकडची काकू आली की गप." वहिनीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "म्हणाल्या तर ते बरंच असायचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी महिन्यातून दोनदा येणारी, टिपणं ठेवणारी. हे रोज भरवणारीला माहीत होतं. मी डबा पोटाशी धरला. दादा तिथेच सतरंजी गुंडाळत होता, आणि माझ्या तोंडून, कसं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, सगळं बाहेर पडलं. हात, हसू, खोडलेला मेसेज. दादा ओणवाच थांबला.

"मग बोलायचं होतंस ना गं," तो म्हणाला. मग सतरंजीवरून हात काढून म्हणाला, "डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तू तिथंच होतीस."

"हो," मी म्हणाले.

त्याने सतरंजी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि मंडपवाल्याकडे गेला. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी त्याची समजूत घातली नाही. त्याच्या गप्प बसण्यावर त्याचा हक्क होता. अंधार पडायच्या आत मला एसटी गाठायची होती. स्टॉपवर सोडायला कोण येणार हे कुणी बोललं नाही, पण गाडीची चावी त्याने घेतली. बस आली तेव्हा बॅग वर चढवून देत तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर. मेसेज नको." मी केला. दोघंही फार बोललो नाही. पण मी 'पोचले' हा शब्द तोंडाने म्हणाले.

आत्याने मला माफ केलं, असं मी लिहून मोकळी होणार नाही. वहिनीच्या त्या वाक्याला मी घट्ट धरून आहे आणि ते वाक्य माझा भार किती दिवस पेलेल याची मला धास्ती आहे. काही पहाटे मला जाग येते आणि वाटतं, त्या दुपारी तिने ऐकलं तरी होतं का... मग मी वरची पेरं मोजायचा प्रयत्न करते. आता मला कळतं की सकाळी डोळे उघडल्यावर भीती वाटते म्हणजे काय. तिने विचारलं होतं, त्याला काय म्हणायचं. बहुधा काहीच म्हणायचं नसतं. जवळ बसायचं असतं.

डबा आता माझ्या पुण्याच्या खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर आहे. शेजारी वाटीत चिंचोके. गेल्या आठवड्यात सकाळी खाली उतरले तेव्हा आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका पाण्याची मोटर लावायला चालले होते, आणि त्यांचा डावा पाय फरपटत होता. काल तसा नव्हता. मी गेटपर्यंत गेले. रिक्षा थांबली होती. परत मागे आले आणि मोठ्याने, पार्किंगमधल्या दोन-तीन माणसांदेखत विचारलं, "काका, पायाला काय झालं? हात वर करून दाखवा. दोन्ही." काका गोंधळले. दोन्ही हात त्यांनी वर केले, शरण आल्यासारखे. मग हसले, सरळ, दोन्ही बाजूंनी. "अहो मॅडम, चपलेचा अंगठा तुटलाय. फेकवत नाही म्हणून ओढतोय." पार्किंगमधलेही हसले. माझे कान तापले. रिक्षा निघून गेली होती.

मी परत वर आले, कुलूप उघडलं, वाटीतला एक चिंचोका घेतला आणि डब्यात टाकला. टण्. मग ऑफिसला गेले.